पुढे आलेला निरोप, मागे राहिलेली तारीख

ईमेल पुढे पाठवला की मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख सहसा मजकुराच्या वर राहते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या निरोपात दोन्ही दिसत नाहीत; दिसतं ते आपल्या ओळखीच्या माणसाचं नाव, आणि विश्वास बसतो तो त्याच नावावर. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. तशा टोळीच्या अफवा त्याआधीच मोबाइलवरून फिरत होत्या.

दोष माणसांचा, यंत्राचा नाही, असं कोणी म्हणेल. मारणारे हात माणसांचेच होते. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा आणायला घेतली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली, तेव्हा असे निरोप ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे रचना बदलली की वेग बदलतो. मग रक्तदानासारखी गरजेची आवाहनं अडतील का? उलट, तारखेवाचून आलेलं आवाहनच निरुपयोगी. ज्याच्यासाठी रक्त हवं होतं, तो रुग्ण कधीचाच घरी गेलेला असू शकतो. म्हणून निरोप फार फिरल्याची खूण असलेले दोन बाण त्यावर दिसले, तर तारीख आणि गाव कळल्याशिवाय तो पुढे पाठवू नका. अनोळखी माणसाची शंका आली, तर ११२ वर पोलिसांना कळवा.