स्पायडर पायथनचं डोकं का डुलतं?

आज साप. घाबरून पुढच्या एपिसोडवर उडी मारू नका.

गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी सहा महिने अमेरिकेत होतो. रूममेट आपलाच, सांगलीचा. त्याच्याकडे बॉल पायथन होता, नाव बिस्किट. मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसणारा. (आपले रानातले साप घरात पाळायचा विचारही करू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा दणका बसेल.)

बिस्किटच्या पिवळट अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेघा. या प्रकाराला 'स्पायडर' म्हणतात. दिसायला एक नंबर! पण उंदीर पुढे धरला की डोकं डुलायचं, कधी उलटंच व्हायचं. झडप घालायचा आणि उंदराच्या बाजूने निघून जायचा. मी हसलो. रूममेट हसला नाही.

मग वाचत बसलो. अंड्यात पिल्लू घडताना पाठीकडच्या भागातून न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशी निघतात. त्यातल्या काही कातडीत पोचून रंगपेशी होतात. कुठली कुठे पोचली, टिकली का, यावर नक्षी ठरते. अल्बिनोमध्ये पेशी असतात, पण मेलॅनिन बनत नाही. काळं जातं, पिवळं राहतं. त्यासाठी आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. पाईबॉल्डच्या अंगावर कोरे पांढरे पट्टे असतात, तिथे टीएफईसी हा जीन बिघडलेला सापडलाय.

स्पायडरला मात्र एकच प्रत पुरते. आणि ती नक्षीवर थांबत नाही. २०२२ च्या एका अभ्यासात स्कॅन केले, तर आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्या वेड्यावाकड्या निघाल्या. आम्ही नाही का, बटणाचा रंग बदलायला कॉमन फंक्शनला हात लावतो आणि लॉगिन झोपतं! फक्त इथे रोलबॅक नाही.

रूममेटने बिस्किटसाठी साधी मादी बुक केली होती. म्हणजे प्रत्येक अंड्याला पन्नास टक्के शक्यता. सहा अंडी धरली तर सरासरी तीन डुलणारी पिल्लं. रात्री एकपर्यंत वाद. "अरे, खातोय, वाढतोय, मग त्रास कसला?" तो म्हणे. मी म्हटलं, "खातोय कारण तू भरवतोयस. विकलेल्या पिल्लांना कोण भरवणार?" तो चिडून झोपायला गेला. दोन दिवसांनी ॲडव्हान्स बुडवून त्याने मादी नको म्हणून कळवलं.

बिस्किट मजेत आहे. आता चिमट्याने उंदीर अगदी तोंडाशी धरतात. परवा व्हिडिओ कॉलवर तिसऱ्या झडपेत पकडला त्याने.