लग्नाची कॅसेट संगणकावर उतरवताना

घरातल्या लग्न-मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवणं आता लांबणीवर टाकू नका. आपल्या दमट हवेत फितीला बुरशी धरते. चालू व्हीसीआर, पिवळी-पांढरी-लाल केबल आणि यूएसबी कॅप्चर उपकरण एवढ्यावर काम भागतं. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याला मात्र फायरवायर जोडणी हवी. तिच्यातून चित्रण जसंच्या तसं उतरतं.

डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. म्हणजे तीन तासांच्या लग्नाला जवळपास ४० जीबी, आणि संपादनासाठी तेवढीच मोकळी! हार्ड डिस्क फॅट-३२ पद्धतीची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. तिथे एनटीएफएस निवडा.

साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी, त्यामुळे चित्रण एमपेग-२ मध्ये आवळावं लागतं. डीव्हीडी झाली तरी मूळ फाइल पुसू नका, दुसऱ्या हार्ड डिस्कवरही ठेवा.