खर्चाचे रकाने आपण आखू
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस किती भावाने गेला, हे विचारले तर आपण पटकन सांगतो. एका क्विंटलला खर्च किती आला, हे विचारले की सभा गप्प होते. खर्च लिहिलेलाच नसतो. मग तो दुसरा कोणी लिहितो. 2018च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला. कशाच्या दीडपट? पदरचा रोख खर्च आणि घरच्या माणसांची मजुरी, एवढ्याच्याच. आपल्या मालकीच्या जमिनीचा खंड आणि आपल्या भांडवलावरचे व्याज त्यात नाही. रकाने ज्याने आखले, त्याने भाव ठरवला.

म्हणून आज 'नो-कोड' आणि 'लो-कोड' या दोन शब्दांवर बोलायचे आहे. कोड म्हणजे संगणकाची आज्ञावली. ती न लिहिता हवे ते साधन तयार करायचे, ते नो-कोड. थोडीफार लिहून केले तर लो-कोड.

हा प्रकार आजचा नाही. 1979 साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क काढले. उभे-आडवे रकाने, एक आकडा बदलला की पुढचा सगळा हिशेब आपोआप बदलतो. आज्ञावली न शिकलेली माणसे आपला हिशेब आपण मांडू लागली. 2008 साली वॉशिंग्टन विद्यापीठात ओडीके हे मुक्त सॉफ्टवेअर सुरू झाले. तक्त्यात एका ओळीला एक प्रश्न लिहा, मोबाइलवर फॉर्म तयार. रेंज नसली तरी वावरात भरा, रेंज आली की पाठवा.

तिफणीच्या फणांत अंतर किती, हे सुतार ठरवत नाही. जमीन आणि पीक बघून आपण सांगतो. हिशेबाचेही तसेच. कपाशीत तुरीच्या ओळी आहेत, मग मशागतीचा खर्च दोन पिकांत कसा वाटायचा? निंदणाला रोज, वेचणीला किलोचा दर. घरच्या बैलांनी खाल्लेला कडबा ज्वारीच्या उत्पन्नात धरायचा की नाही? शहरातल्या अभियंत्याला हे प्रश्नच सुचणार नाहीत.

याबद्दल दोन समज आहेत. काही जाणकार म्हणतात, हा पोरखेळ आहे. त्यात थोडे तथ्य आहे. बँकेचा किंवा रेल्वे आरक्षणाचा कारभार यावर उभा राहणार नाही. एक सूत्र चुकले तर शंभर घरांचे हिशेब चुकतील. दुसरा समज आपला, की हे शिकलेल्यांचे काम. तो खोटा आहे. बचत गटाची वही चोख ठेवणारी बाई हे शिकू शकते.

मात्र डोळे उघडे ठेवा. कंपनीचे साधन आज फुकट असेल, उद्या पैसे मागेल. आपली नोंद तिच्या कुलपात अडकता कामा नये. म्हणून तीन अटी पाळा. सगळी नोंद उतरवून घेता येत असेल तेच साधन घ्या. कागदी वही चालू ठेवा. पहिल्या वर्षी दहाच घरे घ्या आणि वहीशी ताळा करा.

मोबाइल भाव देणार नाही. भाव लढूनच घ्यावा लागेल. पण लढायला जाताना आपला खर्च आपल्या आकड्यांत सांगता आला पाहिजे. येत्या पेरणीपासून गावोगाव सुरुवात करा आणि पुढच्या हंगामाच्या बैठकीला तो कागद घेऊन या.