एक विश्वास, दोन वाटा



एखाद्या धर्मपंथाचा विश्वास कोणता, हें त्याच्या ग्रंथांवरून समजतें. परंतु त्या विश्वासाचा प्राण कोणता आणि निव्वळ वहिवाट कोणती, हें समजावयास तो पंथ कसोटीस लागावा लागतो. अशा एका कसोटीची हकीगत आज सांगावयाची आहे.

ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरांत सहा ख्रिस्ती मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एक मंडळी झाली. त्यांत अँग्लिकन होते, बॅप्टिस्ट होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे लोक होते, ब्रदरन व डिसायपल्स होते, आणि मेथॉडिस्टांची एक शाखाही होती. या ऐक्याची बोलणीं १९२९ पासून चाललीं होतीं. देव एक, शास्त्र एक, मग एक्केचाळीस वर्षें कां लागावीं?

मुळाविषयीं वाद नव्हताच. देव एक असून तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप आहे, हें सर्वांस मान्य होतें. इ. स. ३२५ मध्यें निकिया येथील धर्मपरिषदेपुढें प्रश्न आला कीं, ख्रिस्त हा देवानें निर्मिलेला श्रेष्ठ जीव, कीं पित्याशीं एकतत्त्व? एरियस पहिलें म्हणे. परिषदेनें दुसरें ठरविलें. जो स्वतःच निर्मित, तो इतरांस कसा तारील, असा त्या पक्षाचा युक्तिवाद होता. त्या निर्णयावर उभारलेला मतांगिकार आजही उपासनेंत म्हटला जातो. तारण मनुष्याच्या पुण्याईनें नव्हे, तर देवाच्या कृपेनें व विश्वासानें मिळतें. बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोन संस्कार प्रभूनेंच नेमिले. यांविषयींही एकमत होतें.

गांठ पडली ती बाप्तिस्म्यापाशीं. अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन तान्ह्या मुलासही बाप्तिस्मा देतात. त्यांचें म्हणणें असें कीं, मूल आईस ओळखण्यापूर्वींच आई त्याजवर प्रेम करिते. तशी देवाची कृपा मनुष्याच्या समजुतीची वाट पाहत नाहीं. बॅप्टिस्ट म्हणतात, विश्वास कोणी कोणाच्या वतीनें ठेवूं शकत नाहीं. आधीं स्वमुखानें कबुली, मग पाण्यांत बुडवून बाप्तिस्मा. दोन्ही बाजू शास्त्राचाच आधार देतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत.

तोड निघाली ती अशी. दोन्ही रीती मान्य कराव्या. कोणा आईबापांनीं बाळाचा बाप्तिस्मा करावा. कोणीं तें केवळ देवास अर्पण करून आशीर्वाद घ्यावा व बाप्तिस्मा पुढें त्याच्या कबुलीनंतर व्हावा. पण दोन्ही वाटांनीं आलेल्यानें जाणत्या वयांत आपला विश्वास स्वतः प्रकट केला पाहिजे. बिशपपदाचेंही तसेंच. तें पद ठेविलें, परंतु त्याविषयीं अमुकच उपपत्ति माना, असा आग्रह धरिला नाहीं.

तरीही सर्व गांठी सुटल्या नाहींत. बाळपणीं बाप्तिस्मा झालेला मनुष्य मोठेपणीं तो पुन्हां मागूं लागला, तर काय करावें? एकास तो पहिल्या संस्काराचा अवमान वाटतो, तर दुसऱ्यास तोच पहिला खरा बाप्तिस्मा वाटतो. शिवाय मेथॉडिस्टांची मोठी शाखा ऐन वेळीं, १९७० मध्येंच, बाजूस झाली. ऐक्य पूर्ण झालें, असें म्हणतां येत नाहीं.

मी जन्मभर शाळेंत शिकविलें. उत्तर बरोबर असूनही रीत निराळी, म्हणून मुलांचे गुण मीं कैकदां कापले आहेत. आतां वाटतें, कांहीं ठिकाणीं माझेंच चुकलें. मात्र उत्तरच निराळें असेल, तर गुण देणें हाही अन्यायच. येथें उत्तर कोठें संपतें आणि रीत कोठें सुरू होते, हें ठरविण्यास त्या मंडळ्यांस एक्केचाळीस वर्षें लागलीं. तो काळ मला व्यर्थ गेलासा वाटत नाहीं. आपापल्या घरांतील व पंथांतील भांडणांस हीच कसोटी लावून पाहावी, इतकें सुचवून मी आपली रजा घेतों.