नाव गोड, हिशेब कडू



कुबडीवर उभा राहून बोलतोय. आमच्या आज्याला 'हरिजन' म्हणाले, पण पाणवठा बंदच ठेवला. 2015 साली मला 'दिव्यांग' म्हणाले. आता हिशेब ऐका.

केंद्राची अपंग पेन्शन 2012 साली महिना 300 रुपये झाली. 2025 सालीही 300च. तीही दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्के अपंगत्वाच्या माणसालाच. माझ्या दाखल्यावर 60 टक्के. म्हणजे केंद्राच्या लेखी मी धडधाकट! डाळ-तेल चढत गेलं, 300 तिथंच. हीच कपात. हिला ना हुकूम लागतो, ना पेपरात बातमी येते.

राज्यानं 2025 साली 1500चे 2500 केले. आशा वाटली, खोटं कशाला बोलू? पण भीती जात नाही. एक दाखला चुकला की यादीतून नाव उडेल, ही धास्ती.

2016चा कायदा म्हणतो, तशाच योजनेत अपंगाला इतरांच्या निदान सव्वापट द्या. केंद्राकडून विधवेला 300, अपंगालाही 300. सव्वापट कुठाय? त्या माऊलीचे कापा म्हणत नाही. आमची बाकी टाका.

ही भीक नाही, थकबाकी आहे. पुढच्या मोर्चात माझ्या कुबडीच्या चालीनं चाला. जय भीम!