उल्लेख किती झाले?



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा मी घाबरलेच. सातवी शिकलेली बाई काय बोलणार? पण माझ्या भाचीमुळे विषय आपोआप मिळाला. ती औषधांच्या रसायनशास्त्रात संशोधन करते. नोकरीच्या मुलाखतीत तिला पहिलाच प्रश्न आला, ‘तुमचे लेख किती आणि त्यांचे उल्लेख किती?’ लेख तीनच, उल्लेख त्याहून थोडके. पोर हिरमुसून घरी आली.

मी विचारले, ‘उल्लेख म्हणजे काय गं?’ ती म्हणाली, ‘मावशी, नवा लेख लिहिणारा आधीच्या कोणकोणत्या लेखांचा आधार घेतला, ते शेवटी सांगतो. असा प्रत्येक आधार म्हणजे एक उल्लेख.’ मला लगेच पटले. आपण नाही का म्हणत, ‘ही वडी शेजारच्या काकूंची’? ज्या काकूंचे नाव जास्त घरांत निघते, त्यांची वडी चांगली! अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी या उल्लेखांची सूची करावी अशी कल्पना 1955 साली मांडली आणि 1964 साली तशी सूची छापून निघाली. तेव्हापासून ही मोजदाद वाढतच गेली.

भाचीने मग मला आपल्या जवळचीच एक गोष्ट सांगितली. शीव कोळीवाड्याहून परळचे के. ई. एम. रुग्णालय किती लांब? तेथे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचे औषध रक्तदाब वाढलेल्या 50 रुग्णांना देऊन पाहिले. दाब किती उतरला, ते मोजून लिहिले आणि 1949 साली विलायतेतील हृदयरोगाच्या नियतकालिकात लेख दिला. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला, औषध मागवले आणि आपल्या रुग्णांना दिले. इकडे स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1952 साली त्या मुळीतून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले. 1957 साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

पण भगिनींनो, खरी गोम पुढेच आहे. सर्पगंधा वैद्यांना शेकडो वर्षे ठाऊक होती. कलकत्त्याच्या डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरचा गुण 1931 सालीच छापला होता. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी त्या मुळीतून द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमलखानांचे नाव दिले. तरी परदेशात त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मुळी तीच, गुणही तोच. पण अठरा वर्षे गेली. त्या अठरा वर्षांत रक्तदाबाने किती घरची माणसे गेली असतील!

म्हणून मी दोन गोष्टी शिकले. पहिली, उल्लेखांचा आकडा अगदीच पोकळ नसतो. लेख कोणी वाचला, कोणाच्या कामी आला, हे तो सांगतो. डॉ. वकिलांनी मोजून लिहिले आणि जगाची नजर पडेल तेथे लिहिले, म्हणून औषध रुग्णापर्यंत पोहोचले. दुसरी, आकडा थोडा म्हणून काम खोटे ठरत नाही. सेन-बोस यांचे काम 1931 सालीही खरेच होते.

रेसरपीनमुळे काही रुग्णांची मने खिन्न होत, असे पुढे दिसले. नवी औषधे आली, आणि आता ते क्वचितच देतात. पण मन खिन्न का होते, या शोधातूनच मेंदूतील रसायनांच्या अभ्यासाला चालना मिळाली. म्हणजे उणेही लिहून ठेवले तर उपयोगी पडते. मात्र हे ऐकून कोणी घरी सर्पगंधेचा काढा करू नये. रक्तदाब डॉक्टरांकडूनच तपासून घ्यावा.

भाचीला मी म्हटले, ‘बाळ, तुझे तीन लेख नीट मोजूनमापून लिहिले आहेस ना? मग रडतेस कशाला? चौथा लिहायला घे, आणि चार लोक वाचतील तेथे दे.’ ती डोळे पुसून हसली.

आपणही एक नेम करू या. कोणाकडून काही शिकलो, तर चारचौघींत तिचे नाव घेऊ या. उल्लेखाला पैसा पडत नाही. आणि ज्याने आधी खपून ठेवले, त्याचे ऋण मात्र थोडे फिटते.