पावसाची वर्दी आणि मुका निरोप
(हिंजवडी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



एखादी नाटक कंपनी गाव सोडून जाते तेव्हा शेवटच्या प्रयोगाची दवंडी तरी देते. शेतकऱ्याला त्याच्या तालुक्यापुरते हवामान सांगणाऱ्या सेवेच्या वाट्याला तेवढेही आले नाही. २०२४ च्या मार्चअखेर देशातील १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे बंद करण्यात आली. महाराष्ट्रात नंदुरबार, पालघर, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांच्या आवारात ती चालत असत. मंगळवार आणि शुक्रवार हे त्यांचे दोन वार. पुढील पाच दिवसांचा तालुकानिहाय अंदाज आणि त्याला जोडून पिकाचा सल्ला मराठीतून शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर येई. मग तो येईनासा झाला. ज्यांच्यासाठी ही सेवा होती त्यांना कोणी विचारले नव्हते.

या निरोपाला आणखी एका निरोपाची पार्श्वभूमी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. ज्याच्या घरी संच, त्याच्या ओसरीवर सारी आळी, हे त्या काळाचे चित्र. ‘आमची माती, आमची माणसं’ पाहायचे आणि बातम्यांच्या शेवटी हवामान ऐकायचे, हा शेतकरी घरांचा परिपाठ होता. छपरावरची अँटेना फिरवली की पुरे, दरमहा कोणाला काही द्यावे लागत नसे. प्रसार भारतीने हे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपक देशभर टप्प्याटप्प्याने बंद केले. मोजकी मोक्याची ठिकाणे वगळता उरलेल्या प्रक्षेपकांसाठी ३१ मार्च २०२२ ही अखेरची मुदत ठरवली होती. तंत्र जुने झाले होते हे खरे, आणि तबकडी लावून विनामूल्य वाहिन्या पाहण्याची सोय राहिली हेही खरे. तेव्हा त्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु प्रेक्षकाला न विचारता सेवा उचलून नेण्याची सवय शासनाला कशी जडते, ते त्यातून दिसते.

त्या काळच्या हवामान वार्तेची थट्टाही पुष्कळ झाली. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री खुशाल घरी ठेवावी, हा विनोद घरोघर चालत असे. त्यात वेधशाळेवर थोडा अन्यायच होता. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग तेथे १९३२ मध्ये निघाला आणि आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्ता १९४५ मध्ये सुरू झाली. विद्येची उणीव नव्हती. उणीव होती ती अंदाजाच्या आवाक्यात. हवामानाच्या नकाशावर मुळशी तालुका ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात पडतो. त्याच उपविभागात सोलापूर आहे, जळगावही आहे. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस’ असे ऐकून पौडच्या शेतकऱ्याने काय करावे?

मुळशीपुरते बोलायचे तरी तालुक्याच्या दोन टोकांना दोन निराळे पावसाळे असतात. पश्चिमेस ताम्हिणीचा घाट आणि पूर्वेस हिंजवडी. २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पलीकडे पुण्यातील शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर झाला. जिल्हा केंद्रे चालू असती तर तो पूर टळला असता असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु साऱ्या जिल्ह्याला मिळून एकच अंदाज पुरतो, असे म्हणणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

हीच उणीव भरून काढण्यासाठी ग्रामीण कृषी मौसम सेवेने २०१८ पासून जिल्हा केंद्रे उघडली. त्यापूर्वी १३० विभागीय केंद्रे होती आणि एकेका केंद्राकडे अनेक जिल्हे असत. जिल्हा केंद्रे ५३० काढायची असा संकल्प होता, उघडली १९९. केंद्रात एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, दोघेही बहुधा कंत्राटी. त्यांचे काम काय होते हे नीट समजून घेतले पाहिजे. उद्या पाऊस येणार असेल तर आज फवारणी करू नये, कारण औषधाचे पैसे पावसाबरोबर ओढ्याला जातात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दिसत असेल तर आंबेमोहोराची कापणी दोन दिवस पुढे ढकलावी, किंवा कापलेले भात खाचरात न ठेवता उचलून घ्यावे. हा सल्ला यंत्रातून आपोआप बाहेर पडत नाही. कोणत्या शिवारात भात फुलोऱ्यात आहे आणि कोणत्या शिवारात निसवलेलेच नाही, हे माहीत असलेला माणूस तेथे लागतो.

केंद्रे बंद करताना पुढे आलेला युक्तिवाद मात्र नेमका उलटा होता. माहिती आता स्वयंचलित यंत्रांनी गोळा होते, तेव्हा प्रत्येक केंद्रावर कर्मचारी कशाला, अशी नीती आयोगाची भूमिका होती, असे पुढे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. या माहितीतून पैसे मिळवावेत अशी सूचनाही त्यासोबत होती. पर्जन्यमापक स्वयंचलित असतो, हे मान्य. पण पर्जन्यमापकाला करपा रोग ओळखता येत नाही. आणि कंत्राटी माणसाला काढणे किती सोपे असते! मागे पेन्शन नाही, पुढे मोर्चा नाही, मुदत संपली एवढे कळवले की झाले.

हिंजवडीत ही गोष्ट अधिक बोचते. येथील भातखाचरांवर गेल्या शतकाच्या अखेरीपासून माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहिले. त्या इमारतींतून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात हवामान सांगणारे यंत्र आहे. कार्यालयातून केव्हा निघावे हे ठरवायला ते पुरते. भात केव्हा कापावे हे ठरवायला पुरत नाही. मुळशीचा पाऊस दुसऱ्यांच्या उपयोगाचा असणे या तालुक्याला नवे नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने येथे जो सत्याग्रह झाला, तो याच पावसाचे पाणी अडवून मुंबईसाठी वीज काढण्याच्या योजनेविरुद्ध होता. धरण झाले, विजेचा प्रकाश दूर गेला आणि मावळा उठून वर डोंगरावर गेला.

महाराष्ट्र शासनाने ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांच्या ठिकाणी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे खासगी कंपनीच्या भागीदारीत उभी केली. पीकविम्यात या केंद्रांच्या नोंदींना मोल आहे. अर्थात नुकसानीचा हिशेब करण्यापुरते मोजमाप होते. नुकसान टळावे म्हणून वेळेवर सांगणारा माणूस मात्र खर्चिक ठरला.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेला जाताना तीन प्रश्न लिहून न्यावेत. गावाच्या मंडळातील हवामान यंत्र कोठे बसवले आहे? त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज का लागत नाही? आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील विभागीय केंद्राचा सल्ला गावात कोणाच्या हाती पोहोचतो? उत्तरे ठरावात नोंदवून घ्यावीत. भाताची रोपे टाकण्यापूर्वी ती ग्रामसेवकाकडून लेखी मागावीत.